मेरीलँडचा अपघात, डर्बीचा घोडेस्वार आणि ‘कायदा कोणाचा’ हा प्रश्न

पुण्यात एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तिचा भाऊ नोकरीनिमित्त न्यू जर्सीत राहतो. मेरीलँडमधून जात असताना, डावीकडे वळणाऱ्या एका गाडीने त्याच्या गाडीला धडक दिली. चूक उघडच समोरच्याची होती, पण भावाची गाडीही वेगमर्यादेपेक्षा थोडी जास्त वेगाने चालली होती. समोरच्याच्या विमा कंपनीने पत्र पाठवले की अपघातात तुमचाही निष्काळजीपणा असल्यामुळे तुम्हाला काहीही देणे लागत नाही. आपल्याकडे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण अशा वेळी चुकीच्या प्रमाणात भरपाई कमी करते, ती मुळातून नाकारत नाही. तेव्हा तिचे विचारणे असे आहे की अमेरिका कॉमन लॉचा (इंग्लंडातून आलेल्या, न्यायालयांच्या निवाड्यांतून वाढलेल्या कायद्याचा) देश आणि भारतही कॉमन लॉचा देश, मग हा नियम आला कुठून, तो कोणत्या अधिनियमाच्या कोणत्या कलमात आहे, आणि राज्याच्या न्यायालयाऐवजी फेडरल, म्हणजे मध्यवर्ती सरकारच्या, न्यायालयात गेले तर साऱ्या देशाचा एकच कायदा लागू होणार नाही का?

मी पुण्याच्या जिल्हा न्यायालयात काही वर्षे वकिली करून इकडे आलो आणि गेली बरीच वर्षे न्यू जर्सीत दिवाणी दावे चालवतो. भारतात शिकलेल्या वकिलाची सुरुवातीला जी जी गफलत होते ती सगळी या एका प्रश्नात आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. तो नियम कोणत्याही कलमात नाही. तो न्यायाधीशांनी घडवलेला आहे, आणि तो अमेरिकेचा नसून मेरीलँडचा आहे. फेडरल न्यायालयात गेल्याने त्यातून सुटका होत नाही. ‘अमेरिकेचा कायदा काय सांगतो’ हा प्रश्नच बहुतेक दिवाणी प्रकरणांत चुकीचा असतो. इथे पहिला प्रश्न नेहमी ‘कायदा कोणाचा’ हा असतो.

याचे मूळ संविधानाच्या रचनेत आहे. १७८७ साली फिलाडेल्फियात जे संविधान तयार झाले ते आधीपासून अस्तित्वात असलेल्या राज्यांनी आपापल्या अधिकारांतला काही भाग मध्यवर्ती सरकारला देऊन तयार केले. त्यात आपल्या सातव्या अनुसूचीसारख्या तीन सूच्या नाहीत. काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, काय करता येईल याची एकच यादी आहे, आणि १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीने स्पष्ट केले की जे मध्यवर्ती सरकारला दिलेले नाही आणि राज्यांना मनाई केलेले नाही, ते राज्यांकडे किंवा जनतेकडे राहिले. आपल्याकडे नेमके उलटे आहे. आपले शेषाधिकार, म्हणजे कोणत्याच सूचीत नसलेल्या विषयांवरचे अधिकार, अनुच्छेद २४८ प्रमाणे संसदेकडे जातात. करार, अपकृत्य (दुसऱ्याला इजा केल्याबद्दलची दिवाणी जबाबदारी, ‘टॉर्ट’), स्थावर मालमत्ता, वारसा, विवाह आणि घटस्फोट, शिवाय चोरी-खुनासारखे बहुतेक गुन्हे, हे सारे इथे मुख्यतः राज्यांच्या अखत्यारीत आहे. आपल्याला १८७२ चा करार अधिनियम देशभर लागू असण्याची इतकी सवय असते की, करारभंगाचा नियम नदी ओलांडल्यावर बदलू शकतो हे पचायला वेळ लागतो.

दुसरा फरक न्यायालयांचा. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा सभागृहात मांडताना जे भाषण केले त्यात अमेरिकेशी केलेली तुलना कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी. ते स्वतः कोलंबिया विद्यापीठात शिकलेले असल्यामुळे ही व्यवस्था त्यांना पुस्तकाबाहेरही ठाऊक होती. भारतात राज्यव्यवस्था दुहेरी असली तरी न्यायव्यवस्था एकच आहे, हा मुद्दा त्यांनी तिथे मांडला. आपले जिल्हा न्यायालय राज्याचाही कायदा लावते आणि संसदेचाही, आणि वर जाणारी वाट एकच असते. अमेरिकेत न्यायालयांच्या दोन स्वतंत्र उतरंडी शेजारी शेजारी उभ्या आहेत. प्रत्येक राज्याची आपली न्यायालये आहेत, आणि त्यांच्याबरोबर ९४ फेडरल जिल्हा न्यायालये, त्यांच्यावर १३ अपील न्यायालये व सर्वांत वर नऊ न्यायमूर्तींचे सर्वोच्च न्यायालय आहे. राज्याच्या कायद्याचा अर्थ लावण्यात त्या राज्याचे सर्वोच्च न्यायालय हेच शेवटचे. त्या निर्णयात फेडरल कायद्याचा किंवा संविधानाचा प्रश्न नसेल तर वॉशिंग्टनच्या नऊ जणांनाही त्यात हात घालता येत नाही. आपल्याकडे अनुच्छेद १३६ खाली विशेष अनुमती याचिका घेऊन कोणत्याही विषयावर दिल्ली गाठता येते, तशी सोय इथे नाही.

सरकारच्या तीन अंगांविषयी इथे थोडेच सांगतो, कारण ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. राष्ट्राध्यक्ष काँग्रेसचा सदस्य नसतो, त्याचे मंत्रीही पदावर असताना काँग्रेसचे सदस्य राहू शकत नाहीत, आणि त्यामुळे सरकार ‘पडणे’ हा प्रकार इथे नाही. लक्षात ठेवण्याजोगे एवढेच की न्यायालयाने काँग्रेसचा कायदा घटनाबाह्य ठरवावा असे संविधानात शब्दशः कुठेही लिहिलेले नाही. ते सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन या निर्णयात तर्काने काढले. मौज अशी की ज्या नेमणूकपत्राच्या वाटपावरून तो वाद झाला, ते वेळेवर पोचवण्याची जबाबदारी आधीच्या सरकारात परराष्ट्रमंत्री म्हणून खुद्द मार्शल यांचीच होती. आज कोणी न्यायमूर्ती अशा प्रकरणातून बाजूला झाला असता. आपल्या संविधानकारांनी मात्र हे कोणाच्या तर्कावर न सोडता अनुच्छेद १३ मध्ये लिहूनच टाकले.

आता तुमच्या भावाच्या नियमाकडे येतो. त्याचा उगम इंग्लंडमधल्या डर्बी गावात आहे. घराच्या दुरुस्तीसाठी एकाने रस्त्यात आडवी बल्ली टाकून ठेवली होती. संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास, एक घोडेस्वार भरधाव आला, बल्लीवर आदळून घोड्यासकट पडला आणि जखमी झाला. हळू आला असता तर त्याला बल्ली दिसली असती, असे साक्षीत निघाले. १८०९ च्या बटरफील्ड विरुद्ध फॉरेस्टर या निवाड्यात न्यायालयाने ठरवले की रस्ता अडवणाऱ्याची चूक असली तरी वादीने स्वतः सर्वसाधारण काळजी घेतलेली नसेल तर त्याला भरपाई मागता येत नाही. चूक दहा आणे की दोन आणे, हा हिशेबच नाही. वादीची चूक सिद्ध झाली की दावा संपला.

मेरीलँडच्या हक्कांच्या जाहीरनाम्याचा पाचवा अनुच्छेद सांगतो की ४ जुलै १७७६ रोजी अस्तित्वात असलेला इंग्लंडचा कॉमन लॉ तेथील रहिवाशांना लागू आहे. ही तारीख नीट पाहा. डर्बीचा निवाडा तिच्यानंतर तेहतीस वर्षांनी आला, म्हणजे तो वारशात मिळालेला नव्हता. मेरीलँडच्या न्यायालयाने तो १८४७ मध्ये आपल्या एका निवाड्यात स्वतः होऊन स्वीकारला. विधिमंडळाने त्यासाठी कोणताही कायदा केला नाही. कॉमन लॉ वाढतो तो असा. कोण्या एका प्रकरणात कोणत्या तथ्यांवर काय ठरले ते पुढच्या न्यायाधीशाने पाहायचे, नवी तथ्ये तशीच असतील तर तेच लावायचे, आणि वेगळी असतील तर फरक कुठे पडतो ते कारण देऊन सांगायचे. (सगळी पन्नास राज्ये या वंशातली नाहीत. लुइझियानात फ्रेंच आणि स्पॅनिश परंपरेतली नागरी संहिता आहे. गोव्याच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही, कारण १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला कुटुंब आणि वारशाचा भाग तिथे मुंबईपेक्षा वेगळा कायदा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला.)

पुढे हा नियम बहुतेकांना जाचक वाटू लागला. खुद्द इंग्लंडने १९४५ मध्ये पार्लमेंटचा कायदा करून तो मोडीत काढला आणि चुकीच्या प्रमाणात भरपाई वाटून देण्याची पद्धत आणली. अमेरिकेत तो कसा गेला हे पाहण्यासारखे आहे, कारण ‘न्यायाधीशाचा कायदा मोठा की विधिमंडळाचा’ या साहजिक शंकेचे उत्तर त्यातच मिळते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये आपणच तो बदलला. न्यायालयांनी पुढे नेलेला नियम न्यायालय बदलू शकते, अशी त्याची भूमिका होती. त्याच वर्षी न्यू यॉर्कमध्ये मात्र तोच बदल विधिमंडळाने कायदा करून केला. फ्लोरिडात न्यायालयाने १९७३ मध्ये नियम बदलला आणि अर्ध्या शतकानंतर, २०२३ मध्ये, विधिमंडळाने त्यात दुरुस्ती करून अर्ध्याहून अधिक चूक असलेल्या वादीची भरपाई बहुतेक दाव्यांत बंद केली. म्हणजे न्यायाधीशांनी केलेला नियम विधिमंडळ केव्हाही बदलू शकते, आणि संविधानाशी विसंगत असेल तर न्यायालय विधिमंडळाचा कायदाही रद्द करू शकते. मधल्या मोठ्या पट्टीत, जिथे विधिमंडळ गप्प आहे, तिथे न्यायाधीशांचा शब्द हाच कायदा असतो.

मेरीलँडचे विधिमंडळ गप्प राहिले आहे. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणाची तथ्ये सांगतो. वीस वर्षांचा एक तरुण मुलांच्या फुटबॉल संघाला शिकवायला मदत करत होता. सराव चालू असताना चेंडू आणायला तो गोलजाळ्याकडे गेला आणि उडी मारून वरचा आडवा दांडा धरून लोंबकळला. गोलचौकट जमिनीत पक्की केलेली नव्हती. ती उलटली, दांडा त्याच्या चेहऱ्यावर पडला, आणि मोडलेल्या हाडांसाठी टायटॅनियमच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. ज्युरीने, म्हणजे सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाने, सांगितले की चौकट पक्की न करणारी संघटना निष्काळजी होती. ज्युरीने असेही सांगितले की लोंबकळणारा तरुणही निष्काळजी होता. मिळाले शून्य. वरच्या न्यायालयाने बहुमताने तो निकाल कायम ठेवला, आणि त्याचे कारण वाचण्याजोगे आहे. हा नियम आमच्या पूर्वसूरींनी केलेला असल्यामुळे आम्हाला तो बदलता येतो, हे बहुमताने मान्य केले. पण तो बदलण्यासाठीची विधेयके विधिमंडळापुढे वारंवार आली आणि मंजूर झाली नाहीत, तेव्हा राज्याचे धोरण तेच आहे असे समजून आम्ही हात लावणार नाही, असे ते म्हणाले. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींनी या नियमाची डायनॉसोरशी तुलना केली. माझे मत त्यांच्या बाजूचे आहे. विधेयक मंजूर न होणे आणि विधिमंडळाने नियमाला पसंती देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समित्यांचे कामकाज पाहिलेल्या कोणालाही ठाऊक असते. परंतु माझ्या मताने तुमच्या भावाचा दावा चालणार नाही. व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना आणि अलाबामातही आज हीच स्थिती आहे.

कॅलिफोर्नियाचा निवाडा मेरीलँडमध्ये दाखवून काही उपयोग होईल का, असे तुम्ही विचाराल. दाखवता येतो, पण त्याला बंधनकारक वजन नसते. मुंबई उच्च न्यायालयापुढे मद्रास उच्च न्यायालयाचे रुलिंग ठेवले तर त्याचे जेवढे वजन होईल तेवढेच समजा. इथे एक सापळा आहे, त्यात मी स्वतः पडलो होतो. पहिल्याच वर्षी मी एका टिपणात न्यू यॉर्कच्या ‘सुप्रीम कोर्टा’चा निवाडा अगदी ठळक करून, त्या राज्यातला शेवटचा शब्द म्हणून टाकला. ज्येष्ठ सहकाऱ्याने शांतपणे सांगितले की न्यू यॉर्कमध्ये ‘सुप्रीम कोर्ट’ हे मूळ दावे चालवणारे न्यायालय आहे आणि सर्वांत वरच्या न्यायालयाचे नाव ‘कोर्ट ऑफ अपील्स’ आहे. म्हणजे मी आपल्याकडच्या दिवाणी न्यायाधीशाच्या निकालाला सर्वोच्च न्यायालय बनवून बसलो होतो. मेरीलँडमध्येही २०२२ च्या डिसेंबरपर्यंत वरचे न्यायालय ‘कोर्ट ऑफ अपील्स’ याच नावाने ओळखले जाई. मतदारांनी संविधान दुरुस्तीला कौल दिल्यावर ते ‘सुप्रीम कोर्ट’ झाले. म्हणून जुना निवाडा वाचताना न्यायालयाच्या नावावर न जाता उतरंडीतली त्याची जागा आधी तपासावी.

आता फेडरल न्यायालयाचा मुद्दा. दोन बाजू वेगवेगळ्या राज्यांच्या नागरिक असतील आणि रक्कम ७५ हजार डॉलरपेक्षा जास्त असेल तर राज्याच्या कायद्याचा दावाही फेडरल न्यायालयात नेता येतो. एक बाजू परदेशी नागरिक असली तरी सर्वसाधारणपणे तो मार्ग उघडा असतो, म्हणजे भारतीय पासपोर्टवर असलेल्या तुमच्या भावाला तो मिळू शकेल. पण तिथे कायदा कोणता लागेल? जवळजवळ शंभर वर्षे उत्तर असे होते की फेडरल न्यायाधीश राज्याचे लिखित अधिनियम पाळतील, मात्र जिथे अधिनियम नाही तिथे ‘सर्वसाधारण’ कॉमन लॉ काय असावा ते स्वतःच्या बुद्धीने ठरवतील. १८४२ च्या स्विफ्ट विरुद्ध टायसन या निवाड्याने ती मुभा दिली होती. परिणामी एकाच गावातल्या एकाच अपघाताला दोन कायदे झाले, आणि हुशार वकील आपल्याला सोयीचे न्यायालय निवडू लागले.

तो प्रकार एका मजुराच्या हाताने बंद पाडला असे म्हटले तरी चालेल. १९३४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ह्यूजेसटाउन गावी हॅरी टॉम्पकिन्स रात्री रुळांच्या कडेने जाणाऱ्या पायवाटेने घरी निघाला होता. शेजारून जाणाऱ्या मालगाडीतून दारासारखे काहीतरी बाहेर आलेले होते, त्याचा फटका बसून तो पडला आणि त्याचा उजवा हात चाकाखाली गेला. पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयांच्या मते रुळांच्या कडेने चालणारा हा अतिक्रमण करणारा, आणि त्याच्याबाबत रेल्वेने बेफिकिरीची परिसीमा केली असेल तरच ती जबाबदार. म्हणून त्याच्या वकिलांनी दावा न्यू यॉर्कच्या फेडरल न्यायालयात लावला, ‘सर्वसाधारण’ कॉमन लॉचा आधार घेतला आणि ज्युरीकडून ३० हजार डॉलर मिळवले. १९३८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घालवले. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी लिहिले की फेडरल सर्वसाधारण कॉमन लॉ अशी काही गोष्टच नाही; संविधान किंवा काँग्रेसचा कायदा ज्या बाबींना लागू नाही तिथे राज्याचाच कायदा लावायचा, मग तो विधिमंडळाने केलेला असो वा राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने. हाच इरी रेलरोड विरुद्ध टॉम्पकिन्स हा निवाडा, ३०४ यू.एस. ६४ (१९३८). आपण ‘ए.आय.आर. १९६२ एस.सी. ६०५’ वाचतो तशीच ही खूण वाचायची: ३०४ हा ‘यू.एस.’ या निर्णयसंग्रहाचा खंड आणि ६४ हे पान.

तीन वर्षांनी, १९४१ मध्ये, न्यायालयाने पुढची पायरी घातली. दोन राज्यांपैकी कोणाचा कायदा लावायचा हे ठरवण्याचे नियमसुद्धा फेडरल न्यायालयाने ते ज्या राज्यात बसले आहे त्या राज्याचेच वापरायचे. मेरीलँडचा नियम जुन्या वळणाचा आहे. अपकृत्याला घटना जिथे घडली तिथलाच कायदा लागतो. न्यू जर्सी त्याहून लवचिक आहे आणि कोणत्या राज्याचा प्रकरणाशी अधिक निकटचा संबंध आहे ते पाहते. न्यू जर्सीत वादीची चूक प्रतिवादीपेक्षा जास्त नसेल तर त्याला प्रमाणात भरपाई मिळते, त्यामुळे दावा तिथे लावण्याचा मोह होणे साहजिक आहे. पण समोरचा चालक मेरीलँडचा आणि अपघातही तिथलाच असेल तर न्यू जर्सीच्या न्यायालयाला त्याच्यावर दावा चालवण्याची अधिकारिताच मिळणे अवघड आहे. ‘भाऊ तिथे राहतो’ एवढे त्यासाठी पुरत नाही.

म्हणजे सारे संपले असेही नाही. विमा कंपनीचे पत्र म्हणजे निकाल नव्हे. वादीची चूक सिद्ध करण्याचा भार प्रतिवादीवर असतो, आणि वेग जास्त होता एवढे दाखवून भागत नाही. त्या वेगामुळेच अपघात घडला हेही दाखवावे लागते. ताशी पाच मैल कमी असते तरी धडक झालीच असती, असे वळणाच्या जागेची मोजमापे सांगत असतील तर बचाव लंगडा पडतो. शिवाय कॉमन लॉने स्वतःच्या कडक नियमाला पळवाटही ठेवली आहे. १८४२ मध्ये इंग्लंडातच एकाने पुढचे पाय बांधलेले गाढव रस्त्यात चरायला सोडले आणि भरधाव गाडीने ते चिरडले. मालकाची चूक खरी, पण गाडीवानाला शेवटच्या क्षणी ते टाळता आले असते, म्हणून मालकाला भरपाई मिळाली. ‘शेवटची स्पष्ट संधी’ नावाचा हा उपनियम मेरीलँडमध्ये आजही ओळखला जातो, जरी चौकातल्या एका क्षणाच्या टकरीत तो क्वचितच बसतो.

या तथ्यांचा निर्णय बहुधा ज्युरी करील. आपल्याकडे नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात १९५९ साली मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक असा दिलेला कौल उच्च न्यायालयाने उलटवला, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तर ज्युरीला जागाच उरली नाही. इथे फेडरल न्यायालयातल्या दिवाणी दाव्यांत ज्युरीचा हक्क सातव्या दुरुस्तीने दिलेला आहे, आणि तिच्यातली किमान रक्कम वीस डॉलर ही १७९१ पासून तशीच आहे. विमा कंपन्यांचे वकील निर्णयाआधी तडजोडीचा आकडा वाढवतात तो पुष्कळदा ज्युरीच्या धास्तीने. सहानुभूती वाटणारे सहा जण वादीची चूक शून्य ठरवू शकतात हे त्यांना माहीत असते.

भावाला आता दोन गोष्टी सांगा. मेरीलँडमध्ये अशा दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे आणि न्यू जर्सीत दोन. कोणत्या राज्यात दावा होईल हे ठरेपर्यंत लहान मुदतच खरी धरावी. आणि वकील मेरीलँडची सनद असलेला गाठावा. आपल्या १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाप्रमाणे महाराष्ट्राची सनद घेतलेला वकील कोलकात्यातही उभा राहतो. माझी न्यू जर्सीची सनद मला मेरीलँडच्या न्यायालयात वकीलपत्र घालू देत नाही. अशा दाव्यांत वकील बहुधा वसुलीतला वाटा, साधारण एक तृतीयांश, फी म्हणून घेतात आणि काही मिळाले नाही तर फी घेत नाहीत. ही पद्धत आपल्या बार कौन्सिलच्या नियमांत निषिद्ध आहे, इथे मात्र ती रीतसर आहे. त्यामुळे मेरीलँडचे दोन-तीन वकील प्रकरण घ्यायला नकार देत असतील, तर विमा कंपनीच्या पत्रापेक्षा तो नकार अधिक गांभीर्याने घ्यावा.